कॉलेजात निधीसाठी व्यायामवर्गांचा दिवस: आखणी कशी करावी?

वर्धाकाठ: मुलींच्या वसतिगृहाच्या निधीसाठी फेब्रुवारीअखेर योग, लेझीम, एरोबिक्स, झुंबा असे वर्ग ठेवायचे आहेत. दीडशे जण धरलेत. क्रम, मैदान, पैसे कसे सांभाळावेत?

काळीमाती: भाऊ, सकाळी ६:३० ते १० एवढंच ठेवा, उरलेलं ५ नंतर. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे दुपार तापायला लागलेली असते. योग पहिला, रिकाम्या पोटी. मग लेझीम, शेवटी झुंबा. पोहे सगळ्यांत शेवटी द्या. मधे दिले की उड्या मारताना पोटात कळ येते. मैदानावर पाणी आदल्या संध्याकाळी, हलकंच शिंपडा. सकाळी मारलं तर काळी माती तळव्यांना चिकटते आणि पाय घसरतो. सराट्याचे काटे झाडून पूर्ण निघत नाहीत, हातानेच वेचावे लागतात.

लेझीमवाले: झुंबा फरशीवर घेणार असाल तर सतरंज्या काढा, त्या सरकतात आणि घोटा मुरगळतो. लेझीमला दोन्ही हात पसरून कुणाला लागणार नाही एवढं अंतर हवं. स्पीकरसाठी जनरेटर सांगून ठेवा, लाइनचा भरवसा नको.

हिशेबनीस: प्रत्येक वर्गाला वेगळ्या रंगाचं, क्रमांक टाकलेलं कुपन. अर्धं फाडून गेटवरच ठेवा, म्हणजे संध्याकाळी रोकड जुळते. क्यूआर कोड कॉलेजच्याच खात्याचा लावा, कुणा सरांच्या मोबाइलचा नको. देणगीदार नेमकं तिथेच बिचकतात.

काळीमाती: घाम गेलेल्यांना द्यायच्या साखर-मीठ पाण्याचं राहिलं. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.