थार फोर बाय फोर : मागे एमटी, पुढे जुने एचटी चालतील का? (बजेट ३० हजार)

लालमाती
मंडळी, सल्ला हवाय. गाडी २०१६ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल), फोर बाय फोर. टायर २३५/७० आर १६ एचटी (हायवे टेरेन, म्हणजे डांबरीचे), चारही चाकांवर नक्षी ३ मिमी उरलीय. स्टेपनी कोरी, गाडीबरोबर आलेलीच. दापोलीजवळ बाग आहे. डांबरी सोडली की साडेतीन किलोमीटर लाल माती, मध्ये दोन ठिकाणी कातळाचा चढ. मृग लागला की नक्षीत माती बसते आणि चाक जागच्या जागी फिरतं.

दुकानदार म्हणतो मागे दोन एमटी (मड टेरेन, चिखलाचे) टाका, २४५/७५ आर १६. "ओढतात मागचीच चाकं, पुढच्यांचं काय एवढं?" ३० हजारात बसवून देतोय. पुढे जुने एचटी तसेच. चालेल का? कृपया ३० हजारांतच सांगा.

सह्यवाट
चारही बदला. माझ्या फॉर्च्युनरला बीएफ गुडरिचचे केओ-टू टायर आहेत, चारही. एकदाच पैसे टाका आणि विसरा.

लालमाती
३० हजार म्हटलंय दादा.

पान्हा_१७
आधी टायरची उंची बघा, नक्षीचं नंतर. थारच्या ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणारा डबा) मधला डिफरन्शिअल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. फोर-एचला (चारही चाकांना ओढ; टू-एचला फक्त मागच्या दोन) टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांनी तेवढ्याच फेऱ्या मारायच्या.

आता हिशेब. २३५/७० आर १६ म्हणजे रुंदी २३५ मिमी, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, रिम १६ इंची; टायरची उंची कागदावर ७३५ मिमी. कोरी नक्षी ८ मिमी धरली तर तुमचे टायर ५ मिमी झिजलेत, म्हणजे ७२५. कोरा २४५/७५ आर १६ भरतो ७७४. दर फेरीला घेरात १५ सेंटीमीटरचा फरक. एका किलोमीटरला पुढचं चाक ४३९ फेऱ्या मागणार, मागचं ४११. क्राउन-पिनियन चारास एक (शाफ्टच्या चार फेऱ्यांना चाकाची एक) धरला तर शाफ्टच्या ११० फेऱ्या दर किलोमीटरला कुठेतरी जिरवायच्या आहेत. चिखलात त्या घसरून जिरतात. तुमच्या कातळावर टायर पकडतो, तिथे जिरायला जागाच नाही. मग पीळ बसतो तो शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि ट्रान्सफर केसच्या चेनवर.

लक्षणं : स्टिअरिंग जड, वळणावर गाडी मागून कुणी धरल्यासारखी अडते, आणि लिव्हर फोर-एचमधून निघत नाही. लिव्हरला लाथा घालू नका. सरळ रिव्हर्समध्ये चार-पाच मीटर घ्या, बहुतेक वेळा सुटतो. नाहीच सुटला तर एक चाक जॅकवर उचलावं लागतं, पण हात लांब ठेवून. पीळ सुटताना चाक झटक्यात फिरतं.

सह्यवाट
+१. म्हणूनच म्हटलं चारही बदला.

नांगरमुठ्या
ट्रॅक्टरची पुढची चाकं निम्म्या उंचीची असतात. फोर बाय फोर ट्रॅक्टर चिखलात चालतातच की. उगाच घाबरवू नका माणसाला.

पान्हा_१७
ट्रॅक्टरच्या पुढच्या अॅक्सलचे दात त्या लहान चाकाच्या हिशेबानेच कापलेले असतात. वर पुढची चाकं मुद्दाम जराशी जास्त धावती ठेवतात, साधारण १ ते ५ टक्के, म्हणजे ती ओढत राहतात. तुमच्याकडे उलटं होणार : मागची जास्त धावणार, पुढची फरफटणार. फरफटणारं चाक वळत नाही. ओल्या उतारावर स्टिअरिंग फिरवाल आणि गाडी सरळ जाईल. आणि डांबरीवर ट्रॅक्टरलाही फोर-व्हील काढूनच ठेवतात, एवढं तुम्हालाही माहीत असणार.

नांगरमुठ्या
काढतात हो. पण कातळावर कोण काढतं?

दोन_नंबर_गिअर
सगळे चिखलाबद्दल बोलताहेत. बागेचा रस्ता साडेतीन किलोमीटर, बाकी सगळी डांबरी, आणि तीही पावसातली. एमटीचे ठोकळे मोठे, त्यांच्यावर बारीक चिरा कमी, रबर कडक. चिखल बाहेर फेकायला उत्तम, ओल्या डांबरावर मात्र पकड एचटीपेक्षा कमी. ते मागे टाकले तर खेड-दापोलीच्या वळणांवर अॅक्सिलरेटर सोडताच मागचा भाग बाहेर जाईल. एकाच गाडीत दोन स्वभाव नकोत. त्यापेक्षा चारही एटी (ऑल टेरेन, दोन्हींच्या मधले).

सह्यवाट
+१. एटी म्हणजे केओ-टूच ना.

खडखड५४०
सहाशे-सोळाचे (६.००-१६ मापाचे) नायलॉन लग टायर, मोठ्या ठोकळ्यांचे, टाका मागे. एमएम ५४० जीपला वर्षानुवर्षं तेच. चिखलात त्यांना तोड नाही, आणि १५ हजारांत काम होतं.

पान्हा_१७
नायलॉन आणि रेडियल (तुमचे सध्याचे) एकत्र कधीच नको. रेडियलची बाजू लवचिक, नायलॉनची ताठ. वळणावर दोन्ही वेगवेगळ्या कोनात सरकतात. एका अॅक्सलवर दोन जाती तर अजिबातच नाही, आणि मागे नायलॉन-पुढे रेडियल ही त्यातली सगळ्यात वाईट जोडी. शिवाय सहाशे-सोळाला साडेचार इंची रिम लागतो. थारचा रिम त्याहून बराच रुंद आहे.

खडखड५४०
रिम बदलायचा. पूर्वी काय लोक गाड्या चालवत नव्हते?

चाकोरी
एक शंका. मागची हवा कमी करून उंची जुळवता येईल ना? १८ पीएसआय ठेवली तर टायर बसतोच खाली.

दोन_नंबर_गिअर
अॅक्सल खाली येतो, घेर येत नाही. रेडियलमधल्या तारेच्या पट्ट्याची लांबी हवा काढून कमी होत नाही, एका फेरीत टायर जवळपास तेवढंच अंतर कापतो. खात्री करायची तर सपाट काँक्रीटवर चाकाला आणि जमिनीला खडूची खूण करा, टू-एचमध्ये गाडी सरळ पाच फेऱ्या ढकला, टेपने मोजून पाचाने भागा. चारही चाकांचं. उभ्या टायरची उंची मोजून काही कळत नाही.

हवा कमी करायचीच तर चिखलासाठी, चारही चाकांत सारखी. १८-२० पुरे. डांबरी लागायच्या आधी परत भरायची, म्हणजे गाडीत पंप हवा.

न्यूजर्सीकर
इकडे सुबारू या गाड्यांच्या कंपनीचं सांगणं असं की चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. म्हणजे नक्षीत जेमतेम १ मिमी! एकच टायर फाटला तर काही दुकानांत कोरा टायर तासून बाकीच्यांइतका करून देतात.

खडखड५४०
कोरा टायर तासायचा? पैसे जास्त झालेत तुमच्याकडे.

पान्हा_१७
सुबारूच्या गाडीत चारही चाकं कायम जोडलेली, लिव्हर काढून सुटका नाही. थारला टू-एच आहे, ही आपली सोय. म्हणूनच थोडा फरक चालून जातो, पण तो फोर-एचमध्ये फक्त घसरड्यावर.

चाकोरी
३० हजारांतला उपाय कोणीच सांगितला नाही म्हणून लिहितो. २०२०नंतरच्या थारच्या काही मॉडेलला कंपनीतूनच २४५/७५ आर १६ येतात. हौशी लोक गाडी घेतल्या घेतल्या ते उतरवून मोठे टाकतात. असा चारचा जोड शोधा. घेताना : चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. खोलीमापकाने प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा, चौघांत १ मिमीहून जास्त फरक नको. बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा, २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. आतून हात फिरवा, ठिगळ असेल तर कळतं. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण मारून कुठे घासतंय का तेही बघा.

सह्यवाट
वापरलेले टायर? जिवाशी खेळ.

दोन_नंबर_गिअर
चाकोरींशी सहमत. नाहीतर साखळ्या. मागच्या दोन चाकांना, डांबरी सोडताना चढवायच्या. जमिनीवर पसरा, गाडी अर्धी वर घ्या, आधी आतला हूक, मग बाहेरचा. पन्नासेक मीटर चालवून परत ताणा, सैल साखळी ब्रेकची नळी तोडते. वेग २० ते २५. कातळावर साखळी तुटते, तेव्हा चढ कुठे येतात ते लक्षात ठेवा.

लालमाती
सगळ्यांचे आभार. दुकानदाराला २४५ नको म्हणून सांगितलं, त्याला ते आवडलं नाही. उतरवलेल्या जोडासाठी तीन ठिकाणी विचारलं. एका जोडात दोन टायर २०१९चे निघाले, बाकीच्यांकडे दोनदोनच होते. मृगाला दहा दिवस उरलेत. म्हणून ठरवलंय : मागे दोन कोरे एटी, २३५/७० आर १६च. पुढे जुने एचटी. उरलेल्या पैशात साखळ्या. पुढचे दोन गणपतीनंतर.

सह्यवाट
मग विचारलं कशाला?

पान्हा_१७
हेही अर्धवटच आहे. उंचीत १० मिमीचा फरक राहतो, किलोमीटरला चाकाच्या सहा फेऱ्या. २४५पेक्षा पाचपट बरं, पण फोर-एच फक्त घसरड्यावर. कातळाचा चढ आला की कोरडा असेल तर टू-एच, ओला असेल तर फोर-एचमध्ये सरळच चढा, वर वळू नका. पुढे ३ मिमी आहे, १.६ला टायर कायद्याने बाद. गणपतीपर्यंत पुढचे पुरतील असं धरू नका, दर पंधरा दिवसांनी मोजा.

आणि स्टेपनी? ती २०१६ची आहे. नक्षी कोरी असली तरी रबर वाळलेलं. मागचं चाक पंक्चर झालं तर ती मागे लावू नका, तुमच्या मागच्या अॅक्सलला लॉकिंग डिफरन्शिअल (एक चाक घसरलं की दोन्ही चाकं बांधणारा) आहे, तिथे डावं-उजवं सारखंच हवं. पुढचा एक टायर मागे? तोही सारखा नाही.

लालमाती
मग काय करू?

दोन_नंबर_गिअर
तिसरा एटी घ्या.

लालमाती
३० हजार म्हटलंय हो.