रक्तदान शिबिर: एकाच दिवशी 100 पिशव्या गाठाव्यात का?

काजवा:
आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनी रक्तदान शिबिर घ्यायचं ठरतंय. एका दिवसात 100 पिशव्या व्हाव्यात असा सगळ्यांचा आग्रह आहे. खाटा किती, स्वयंसेवक किती लागतील? आणि दात्यांना भेटवस्तू द्यावी का?

रातराणी:
तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारा की त्यांना रक्त कधी कमी पडतं. तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअसला, पिशवीतल्या द्रावणानुसार 35 ते 42 दिवस टिकतात. प्लेटलेट बहुधा 5च दिवस. सण, जयंत्या, वर्धापनदिन आले की शिबिरांची गर्दी होते आणि सगळ्या पिशव्यांची मुदत एकदमच संपत येते. त्यातच एकदा रक्त दिलेल्या माणसाला पुढचे साधारण 3 ते 4 महिने देता येत नाही. म्हणजे सुट्ट्यांत किंवा परीक्षांच्या दिवसांत टंचाई आली, की तुमचे शंभरही दाते बाद.

त्यापेक्षा 25-25 चे चार गट करा. दर महिन्याला एक गट, म्हणजे प्रत्येकाची पाळी चार महिन्यांनी येते. यादीत रक्तगट आणि मागच्या रक्तदानाची तारीख लिहून ठेवा. ओ निगेटिव्हवाल्यांना मात्र गटात बांधू नका. रुग्णाचा गट कळायच्या आत रक्त द्यावं लागलं तर हेच वापरतात, म्हणून पेढीने मागितलं की तेव्हाच त्यांना बोलवा.

सोनचाफा:
25 जणांना 4 खाटा पुरतात. रक्त काढायला 8-10 मिनिटं लागतात, पण खाट वीसेक मिनिटं अडते. म्हणजे तासाला 12 जण, एकूण अडीच तास धरा. सगळ्यांना एकाच वेळी बोलावू नका, दर अर्ध्या तासाला सहा जण. रांगेत ताटकळलेला माणूस उपाशी राहतो आणि चक्कर येते ती अशांनाच.

नोंदणीला दोघं, नाश्त्याच्या टेबलापाशी दोघं. हे शेवटचे दोघं सगळ्यात महत्त्वाचे, कारण चक्कर बऱ्याचदा खाटेवर नाही, उठून चालायला लागल्यावर येते. अशा वेळी खुर्चीवर बसवू नका. जागीच आडवं करून पाय उंच करा आणि डॉक्टरांना हाक मारा. रक्त देण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यायला लावा, नंतर 15 मिनिटं बसवून ठेवा. सुई काढल्यावर हात कोपरात दुमडू देऊ नका, सरळ ठेवून कापूस दाबायचा. दुमडला की काळंनिळं पडतं.

आणखी एक, शिबिराची जागा पेढीपासून लांब नको. रक्त काही तासांत पोचलं नाही तर त्यातून प्लेटलेट वेगळ्या करता येत नाहीत.

काजवा:
गटांची कल्पना पटली, बैठकीत मांडतो. भेटवस्तूचं काय?

रातराणी:
देऊ नका. वस्तूच्या ओढीने माणूस प्रश्नावलीत नुकताच आलेला ताप, चालू औषधं, टॅटू लपवतो. संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीतही सापडत नाही, तेव्हा दात्याच्या खऱ्या उत्तरांवरच रुग्णाचा जीव अवलंबून असतो. फॉर्म भरताना शेजारी कोणी डोकावणार नाही अशी आडोशाची जागाही त्यासाठीच हवी.

हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली म्हणून परत पाठवलेल्यांची नावं मोठ्याने पुकारू नका. तपासून घ्यायला सांगा आणि स्वयंसेवकांत सामील करून घ्या.