तिकीट न काढलेल्यांचा जीव: शोरहॅमचा अपघात आणि जुन्या जेट विमानांच्या कसरती

आडवाट (धागाकर्ता)

22 ऑगस्ट 2015 रोजी दुपारी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील शोरहॅम विमानतळावर हवाई प्रात्यक्षिके चालू असताना 1955 साली बांधलेले हॉकर हंटर जातीचे जुने लढाऊ जेट विमान लूप (हवेत उभे वर्तुळ) घेता घेता लगतच्या ए-27 महामार्गावर कोसळले. अकरा माणसे मृत्युमुखी पडली. वैमानिक गंभीर जखमी झाला, पण वाचला. त्या अकरांपैकी एकही जण तिकीट काढून मैदानात बसलेला नव्हता. काही जण कुंपणाबाहेर थांबून विमाने पाहत होते आणि काही जण केवळ त्या रस्त्याने आपल्या कामाला निघाले होते. फुटबॉलच्या सामन्याला चाललेले दोन तरुण खेळाडूही त्यांत होते.

हा धागा काढण्याचे कारण हाच तपशील आहे. सप्टेंबर 1952 मध्ये फार्नबरो येथे डी हॅविलँड 110 हे विमान हवेतच मोडले, त्याचे तुकडे गर्दीत पडले आणि 29 प्रेक्षकांसह एकूण 31 जण गेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये विमानाने गर्दीपासून किती अंतर राखावे, गर्दीच्या रोखाने उडावे की नाही, याचे नियम कडक झाले आणि पुढे साठाहून अधिक वर्षे तेथे एकही प्रेक्षक अशा अपघातात दगावला नाही. म्हणजे नियम चोख होते, फक्त ते तिकीटवाल्यांपुरते चोख होते.

माझे मत असे आहे की लष्करातून निवृत्त झालेल्या जेट विमानांनी जमिनीवरून केवळ सरळ उडत जावे, आणि लूप किंवा गिरक्या दाखवायच्याच असतील तर त्या समुद्रावर दाखवाव्यात. शोरहॅमला तर समुद्र हाकेच्या अंतरावर होता.

काटेकोर

आपली कळकळ समजते, पण निदान चुकते आहे असे मला वाटते. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाने मार्च 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातील आकडे पाहावेत. लूप सुरू करताना विमान सुमारे 185 फुटांवर होते, तर वैमानिकाला कसरतींसाठी 500 फुटांची किमान मर्यादा घालून दिलेली होती. वेग किमान 350 नॉट (ताशी सागरी मैल) हवा होता, तो सुमारे 310 होता. वर चढताना इंजिनाचा पूर्ण जोर वापरला गेला नाही, आणि त्यामुळे वर्तुळाच्या माथ्यावर जी उंची किमान 3,500 फूट हवी होती ती सुमारे 2,700 फूटच मिळाली.

ही माथ्यावरची उंची फार महत्त्वाची असते. विमान तेथे उलटे असते, वैमानिकाने त्या क्षणी उंचीमापक पाहायचा असतो, आणि आकडा कमी भरला तर वर्तुळ पुरे करण्याचा नाद सोडून विमान कूस बदलून सरळ करायचे व निघून जायचे, असा शिरस्ता आहे. हंटरला ही सुटका माथ्यानंतर सुमारे चार सेकंदांपर्यंत शक्य होती, असे तपासात दिसले. ती घेतली गेली नाही. वैमानिकाच्या मनात त्या वेळी दुसऱ्या जातीच्या विमानाचे आकडे असावेत, ही शक्यताही अहवालाने नोंदवली आहे.

यांतला कोणता आकडा विमानाचे वय सांगतो? फेब्रुवारी 2019 मध्ये बंगळुरूच्या येलहंका तळावर हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरत-पथकाची दोन हॉक विमाने सरावात एकमेकांवर आदळून एक वैमानिक गेला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दुबईत तेजस कोसळून आपला आणखी एक वैमानिक गेला. ही विमाने कोणी संग्रहालयातून बाहेर काढलेली नव्हती. जमिनीलगत कसरत करणे हेच मुळात धोक्याचे आहे. बंदी केवळ म्हाताऱ्या विमानांवर घालून आपण समाधान तेवढे मिळवू.

आडवाट

वयाला इतके सहज निर्दोष सोडता येणार नाही. त्या हंटरच्या आसनफेक यंत्रणेतील (संकटात वैमानिकाला आसनासह बाहेर फेकणाऱ्या) स्फोटक काडतुसांची मुदत संपलेली होती, आणि जळत्या अवशेषांत मदतीला धावलेल्या अग्निशामकांना त्या न उडालेल्या स्फोटकांचाही धोका होता. विमानात उड्डाणाच्या नोंदी ठेवणारा ब्लॅक बॉक्स नव्हता, त्यामुळे तपास करणाऱ्यांना कॉकपिटमध्ये बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांच्या आणि खालच्या लोकांनी केलेल्या चित्रणावर बरीचशी भिस्त ठेवावी लागली. इंजिनाचा जोर कमी का पडला, हे शेवटपर्यंत पक्के ठरले नाही. नव्या विमानाच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा काही दिवसांत सुटला असता.

मांडवीकाठ

या चर्चेत एक बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे दाबोळीला नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तेथे सी हॉक, अलिझे अशी विमाने उघड्यावर उभी आहेत आणि गोव्याचा पाऊस दर वर्षी त्यांच्या अंगावरून जातो. शाळेच्या सहलीतील मुले पंखाखाली फोटो काढतात आणि पुढे जातात. उभे विमान आणि उडणारे विमान यांतला फरक ज्याने दोन्ही पाहिले त्यालाच कळतो. शिवाय विमान उडते ठेवायचे तर ते उघडून जोडणारे हात लागतात; उड्डाण थांबले की ती विद्याही दोन पिढ्यांत संपते.

हंटरचे नाव आपल्याला परके नाही. 1971 च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाड्यांची दाणादाण उडवणारी विमाने हीच होती, आणि भारतीय हवाई दलात हंटर 2001 पर्यंत राहिले. हवाई दलाने स्वतःची जुनी विमानेही उडती ठेवली आहेत. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून 2018 मध्ये भारतात उडवत आणलेले 'परशुराम' हे डाकोटा जातीचे जुने वाहतूक विमान त्यांपैकीच एक. मग इंग्रजांनी आपला हंटर उडवला तर त्यांना एवढा दोष का द्यावा?

आडवाट

डाकोटा लूप घेत नाही. आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

रेडिओ शांतता

सरळ उडत गेले की धोका टळतो, या गृहीतकालाच माझा आक्षेप आहे. 12 नोव्हेंबर 2022 रोजी अमेरिकेत डॅलस येथे दुसऱ्या महायुद्धातील विमानांचे प्रदर्शन चालू असताना बी-17 या बॉम्बफेकी विमानावर पी-63 किंगकोब्रा हे लढाऊ विमान मागून येऊन आदळले. बी-17 मधील पाच जण आणि किंगकोब्राचा वैमानिक, असे सहाही जण ठार झाले. तेथे कोणी लूप घेत नव्हते की गिरकी मारत नव्हते. बॉम्बफेकी विमाने आणि लढाऊ विमाने प्रेक्षकांसमोरून ओळीने जायची होती, एवढाच बेत होता.

मग चुकले कुठे? लढाऊ विमानांनी प्रेक्षकांपासून 500 फुटांच्या रेषेवर यावे आणि बॉम्बफेकींनी 1,000 फुटांच्या रेषेवर राहावे, असे एअर बॉसने, म्हणजे जमिनीवरून साऱ्या विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, रेडिओवर त्या वेळी सांगितले. कोणी कोणत्या उंचीवर राहायचे, हे उड्डाणापूर्वीच्या बैठकीत ठरलेलेच नव्हते. किंगकोब्रा डावीकडे कललेल्या अवस्थेत वळत होते आणि त्याच्या वैमानिकाला स्वतःच्याच विमानाच्या सांगाड्याआड बी-17 दिसणे कठीण होते. विमाने वेगळी ठेवण्याची आधी आखलेली योजना नव्हती, आयत्या वेळच्या सूचनांवर आणि 'पाहा व टाळा' या भरवशावर सारे चालले होते, असाच ठपका अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने ठेवला. एअर बॉसांसाठी पुरेसे मार्गदर्शन नसल्याबद्दल त्या देशाच्या हवाई नियामकालाही त्याने सोडले नाही.

तेव्हा आपण ज्याला निरुपद्रवी समजता त्या सरळ फेरीतही सहा माणसे जाऊ शकतात. कसरत कोणती यापेक्षा ती कागदावर कोणी, कधी आणि किती बारकाईने मांडली, हा प्रश्न मोठा आहे.

आडवाट

डॅलसची माहिती मोलाची आहे. तरीही तेथे गेलेले सहाही जण विमानांत होते आणि जोखीम ओळखून स्वेच्छेने चढलेले होते. खाली कोणालाही इजा झाली नाही. मृत्यू सर्वांचा सारखाच हे खरे, पण समाजाने परवानगी कशाला द्यावी हे ठरवताना हा भेद पुसून चालणार नाही.

कायदेपंडित नव्हे

शोरहॅमच्या दोषाबद्दल बोलताना एक सावधगिरी बाळगावी, अशी विनंती आहे. वैमानिकावर घोर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा खटला चालला आणि मार्च 2019 मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. कसरतीत शरीरावर येणाऱ्या वाढीव भाराच्या (जी-फोर्सच्या) ताणामुळे आपल्या आकलनशक्तीवर परिणाम झाला असावा, असा त्याचा बचाव होता. डिसेंबर 2022 मध्ये मात्र मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरने हे मृत्यू बेकायदेशीररीत्या घडवले गेल्याचा निष्कर्ष दिला. दोन्ही निकाल एकमेकांना खोटे पाडत नाहीत. फौजदारी खटल्यात संशयाला जागा उरता कामा नये, तर कोरोनरपुढे अधिक संभाव्य काय एवढेच पुरेसे असते. मृतांच्या कुटुंबीयांना या दुसऱ्या निष्कर्षासाठी सात वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले, याची चर्चा विमानवेड्यांच्या वर्तुळात फारशी होत नाही.

काटेकोर

या निकालांच्या आधीची एक गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. हंटर त्या दिवशी कोणत्या क्रमाने कोणत्या कसरती करणार, हे प्रात्यक्षिकांच्या संचालकाला आधी नेमके माहीत नव्हते, असे तपासात आढळले. जे माहीतच नाही त्याची जोखीम मोजणार कशी, आणि लूपच्या खाली महामार्गाचा चौक येतो हे नकाशावर पाहणार कोण? ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने अपघातानंतर दोनच दिवसांत जुन्या जेट विमानांना जमिनीवरून सरळ फेरीपुरते मर्यादित केले. तातडीचा उपाय म्हणून ते ठीक होते, पण मला हवा असलेला नियम वेगळा आहे. प्रत्येक कसरत आधी लेखी द्यावी, तिच्याखालची जमीन नकाशावर आखावी, त्या पट्ट्यात वाहता रस्ता किंवा वस्ती येत असेल तर तो रस्ता बंद करावा अथवा ती कसरत रद्द करावी. मग विमान 1955 चे असो की कालपरवा कारखान्यातून निघालेले असो.

आडवाट

हा नियम मला आजच मान्य आहे. फक्त ए-27 सारखा रहदारीचा महामार्ग सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास बंद ठेवायला कोणता रस्ते विभाग तयार होईल, ते सांगा. कोणीच होणार नसेल, तर आपला नियम आणि माझी बंदी यांत शोरहॅमपुरता तरी काही फरक उरत नाही.