प्रतिसाद: पिसांग ते मनांग, वरची वाट की खालची?

नेपाळच्या अन्नपूर्णा सर्किट ट्रेकवर पिसांगहून मनांगला जायला वरच्या प्रतिसादात कोणीतरी 'वेळ वाचतो' म्हणून हुमडे गावावरून जाणारा खालचा रस्ता सुचवलाय. माझं मत उलटं, वरची वाट घ्या. मुक्कामच अप्पर पिसांगला (सुमारे 3300 मी.) करा. सकाळी हिरवं तळं, मग झुलता पूल. तिथून घ्यारू गावापर्यंत जवळजवळ 400 मीटरची नागमोडी खडी चढण. ऊन चढायच्या आत उरकायची, कारण सावली नावालाच. घ्यारू मनांगपेक्षा उंच, त्यामुळे दिवसा उंची गाठून रात्री खाली झोपणं आपोआप साधतं, शरीर उंचीला सरावतं. दगडी घरांची सपाट छपरं, वर रचलेली लाकडं, समोर अन्नपूर्णा-2 शिखर. माने भिंत (बौद्ध मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) उजव्या हाताला ठेवून चाला. लॉजमध्ये खोली स्वस्त असते ती जेवण तिथेच घ्यायच्या बोलीवर. दालभात घ्या, पुन्हा वाढतात. उंचीमुळे डोकं दुखत राहिलं तर पुढे चढू नका.