मेनोनाइट घर म्हणजे वीज नाही असं नाही

लेखक-कलाकारांनी काही दिवस राहून काम करायच्या घरांबद्दल इथे चर्चा चाललीय. त्यात दोघांनी लिहिलंय की मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) घरात राहायचं म्हणजे वीज नाही, फोन नाही, मग लॅपटॉपवर लिहिणाऱ्यांनी करायचं काय. ते आमिश (त्यांच्याच जवळचा, आधुनिक सोयी टाळणारा पंथ) आणि जुन्या वळणाचे काही मेनोनाइट यांच्याबद्दल खरं. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या नॉयबर्गथालला ते लागू नाही. १८७६ साली दक्षिण रशियातून (आजच्या युक्रेनमधून) आलेल्या मेनोनाइटांनी वसवलेलं हे गाव. एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, काही घरांना गोठा थेट चिकटलेला. तिथलं गुराख्याचं जुनं घर दुरुस्त करून कलाकारांसाठी ठेवलंय. हो, गावाने मिळून नेमलेला गुराखी आणि सामाईक गायरान, अगदी आपल्यासारखं!

शांतता, एकांत वगैरे सगळ्यांनी लिहून झालंय. मला त्या घरांतली विटांची भट्टी जास्त भावते. ती मधोमध भिंतीतच बांधलेली, त्यामुळे आजूबाजूच्या खोल्या त्या एकाच भट्टीने ऊबदार व्हायच्या. उणे तीसच्या थंडीत जळण कसलं? शेण आणि पेंढा तुडवून, चौकोनी कापून वाळवलेल्या विटा. म्हणजे गोवऱ्याच की! हे मॅनिटोबातल्याच विनिपेग शहरातल्या मित्रांना सांगताना मला उगाच माहेरचं कौतुक केल्यासारखं वाटतं.