२०६ दिवसांनी सिगरेट परत सुरू झाली. मदत हवी आहे

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४३, चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला. कॉलेजपासून ओढतोय. शेवटी शेवटी दिवसाला बारा-चौदा. डोळे उघडले की पहिली, तिच्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही (हसू नका, ओढणाऱ्यांना माहीत आहे).

गुढीपाडव्याला सोडली. मेडिकलमधून निकोटिनची २ मिग्रॅची च्युइंगम आणली होती. पहिला आठवडा घरच्यांनी कसा काढला त्यांनाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्यांवरून बायकोवर ओरडलो. पण निभावलं. मुलगी सहावीत आहे, ती रोज रात्री स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनानं टिक करायची. पन्नास झाल्या तेव्हा तिनं मला आईस्क्रीम खायला नेलं, पैसे अर्थात माझेच.

जुलैत वडील तीन दिवस आयसीयूत होते. हॉस्पिटलच्या समोरच टपरी. तीन रात्री त्या टपरीकडे बघत काढल्या, पण ओढली नाही. तेव्हा वाटलं, सुटलो आता.

दिवाळीत आमच्याकडे शटडाऊन असतो, म्हणजे बाकीचे सुट्टीवर आणि मेंटेनन्सवाले कामावर. लक्ष्मीपूजन आटपून रात्रपाळीला गेलो. कन्व्हेअरचा गिअरबॉक्स बदलायचा होता, अलाइनमेंट काही केल्या बसेना. पहाटे पावणेचारला ट्रायल ओके झाली. आवाज नाही, व्हायब्रेशन नाही, लोण्यासारखा फिरत होता. सगळे गेटबाहेर चहाला गेलो. कंत्राटदाराचा एक जुना फिटर आहे, त्याला सगळे मामा म्हणतात. मामांनी स्वतःची पेटवली आणि माझ्यापुढे धरली, "घ्या साहेब, आजची हक्काची."

घेतली. चक्कर आली, तोंड कडू झालं, मजा शून्य. तरी पूर्ण संपवली. पाडव्याला सोडलेली पाडव्यालाच धरली.

घरी येताना डोक्यात एकच, २०६ गेले. आता एक काय नि दहा काय. संध्याकाळी दोन झाल्या. आता रोज चार-पाच चालू आहेत, सगळ्या कंपनीत, सगळ्या सुट्ट्या घेतलेल्या. घरी जाण्याआधी लवंग, बोटांना लिंबू, शर्टावर परफ्यूम. मुलगी अजून रोज टिक करते. आज २२९ झाल्यात, त्यातल्या तेवीस खोट्या आहेत आणि ते फक्त मला माहीत आहे.

प्रश्न असे:
परत सोडायची तर शून्यापासून मोजायचं का? तो शून्य डोळ्यांसमोर आला की हातपाय गळतात.
घरी सांगायचं की आधी सोडून मग सांगायचं?
आणि टेन्शनमध्ये टिकलो, आनंदात घसरलो, असं कुणाचं झालंय का?

– ग्रीसचे हात

---

सोनचाफा

तुमच्या बायकोला माहीत आहे. हे आधी सांगून टाकते म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लागेल.

एरवी परफ्यूम न लावणारा माणूस रात्रपाळी करून घमघमत घरी आला तर काय समजायचं? आमच्याकडे हे पाच महिने चाललं. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर "तुझा माझ्यावर विश्वासच नाही" हे ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकून घेण्याइतका जोर माझ्यात उरला नव्हता. सिगरेटचा राग मला कधीच एवढा आला नाही. मी वास घेते, त्याला कळतं मी वास घेतेय, आणि दोघंही भाजी छान झाली म्हणतोय, याचा आला.

आज सांगा. सोडल्यावर सांगू म्हणाल तर दर आठवड्याला "पुढच्या सोमवारी" होईल.

---

खडूस आजोबा

मी ८८ साली गणपतीत सोडली. पाकीट खिडकीतून फेकलं, परत हात लावला नाही. च्युइंगम नाही, टिका नाहीत. इच्छाशक्ती लागते, बाकी सगळी नाटकं.

---

वहीवाला

आजोबा, तुमचं कौतुक आहेच. पण धागाकर्त्याची इच्छाशक्ती आयसीयूबाहेर तीन रात्री उभी होती, ती कमी पडली असं मला वाटत नाही. त्याला पहारा कुठे ठेवायचा ते कळलं नाही, एवढंच.

ग्रीसचे हात, मी नऊ वर्षांपूर्वी सोडली, पाचव्या खेपेला. आधीच्या चारही खेपा तुमच्यासारख्याच गेल्या. "एक ओढली, म्हणजे मोडलं, म्हणजे आता काय." माझ्या समुपदेशकानं तेव्हा सांगितलं होतं की याला मानसशास्त्रात नावही आहे आणि ॲलन मार्लट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पाय घसरणं वेगळं आणि दरीत जाणं वेगळं. मधलं अंतर माणूस स्वतःच्या मनानं चालून जातो, "मी असलाच" म्हणत म्हणत. तुमची पहाटेची सिगरेट म्हणजे घसरणं. संध्याकाळच्या दोन मात्र निकोटिनपेक्षा त्या २०६ आकड्यानं ओढायला लावल्या.

म्हणून मी पाचव्या खेपेला दिवस मोजलेच नाहीत. वही केली. सिगरेट ओढली किंवा ओढावीशी वाटली की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता, कुठे, कोण सोबत, आणि त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काय झालं. तीन आठवड्यांत कळलं की माझी सिगरेट टेन्शनची नाहीच. काम संपलं की लागायची. रिपोर्ट पाठवला की, मीटिंग सुटली की, पाहुणे गेले की. इतकी वर्षं मी बायकोला "टेन्शन आहे म्हणून ओढतो" सांगत होतो आणि मलाही ते खरं वाटत होतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. झालंय. माझंच झालंय.

---

नवा भिडू

व्हेप (ई-सिगरेट) ट्राय करा ना सर. तलफ भागते, वास नाही.

---

वहीवाला

भारतात २०१९ पासून ई-सिगरेट विकायला, आणायला, साठवायला कायद्यानं बंदी आहे. जे मिळतं ते चोरून आलेलं, आत काय भरलंय देव जाणे. आणि वास नाही हा फायदा त्यांना नकोच आहे, लपवाछपवीतच अडकलेत ते.

(अवांतर: सुट्टी सिगरेट विकायलाही महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. हे टपरीवाल्यांपर्यंत कधी पोचणार?)

---

दवाखानावाली

मी साधी जनरल प्रॅक्टिस करते. हे सर्वसाधारण सांगतेय, तुमच्या डॉक्टरांना भेटायचंच आहे.

आधी एक. "चार-पाचच" यात समाधान मानू नका. २०१८ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. हृदयविकाराच्या बाबतीत दिवसाला एक ओढणाऱ्याचा वाढीव धोका हा वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळजवळ निम्मा निघाला. विसावा भाग नाही, निम्मा. वडिलांचा आजार हृदयाचा असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा.

आता च्युइंगम. दोन शंका आहेत. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागणाऱ्याला २ मिग्रॅ सहसा कमी पडते, ४ ची लागते, तिला चिठ्ठी लागते. आणि तुम्ही ती कशी चघळत होतात? बहुतेक जण साध्या च्युइंगमसारखी चावत सुटतात. मग निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते आणि तलफ तिथेच. सावकाश चावायची, तिखट झणझणलं की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. झणझण ओसरली की परत चार-पाचदा चावायची. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत काही नाही. तोंड आंबट झालं की निकोटिन गालातून शोषलं जात नाही.

त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅचही मिळतो. अंगावर पॅच आणि तलफ उसळली तर वर च्युइंगम, असं दोन्ही वापरलं तर नुसतं एकच वापरण्यापेक्षा जास्त जणांची सुटते. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळीही आहे. ती सिगरेट सोडायच्या आठवडाभर आधी सुरू करतात आणि साधारण बारा आठवडे चालते. मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं हे तिचे त्रास. किडनीचं काही असेल तर आधी सांगा. यातलं मनानं काही घेऊ नका.

कुकरच्या शिट्ट्यांचं वाचून हसू आलं, पण त्यात एक मुद्दा आहे. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीनचा निचरा भराभर करतं. सिगरेट थांबली की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. चिडचिड, छातीत धडधड, झोप नाही, यातलं काही सिगरेट नसल्याचं असतं आणि काही चहाचं. यावेळी पहिल्या दिवसापासून चहा निम्मा करा. पोटासाठी रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी. दोन-तीन आठवड्यांत आतडी रुळतात.

आणि क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, १८००-११-२३५६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. नंबर सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, पण सुट्ट्या घेणाऱ्याला पाकीट दिसणार कुठून!

---

ग्रीसचे हात

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, मी च्युइंगम चहाबरोबर घ्यायचो. एका गालात च्युइंगम, वरून कटिंग. सहा महिने.

वहीवाले दादा, तुमचं वाचून डबा खाताना घास थांबला. मीही तेच सांगत आलोय, टेन्शन टेन्शन. काल दिवसभर लिहून पाहिलं. पाच सिगरेटी. एक बेअरिंग बसल्यावर, एक ऑडिटवाले गेल्यावर, एक जेवणानंतर, एक पाळी सुटल्यावर. पाचवी का ओढली ते आठवत नाही. टेन्शनची एकही नाही.

---

खडूस आजोबा

शून्यापासूनच मोजायचं, असं माझं मत. खोट्या टिकांवर इमारत उभी राहत नाही.

---

सोनचाफा

खोट्या तेवीस पुसा ना, खऱ्या २०६ का पुसायच्या? वर्षभर भिशी भरली आणि एक हप्ता चुकला तर आधीचे पैसे बुडतात का?

---

खडूस आजोबा

भिशीवर अवलंबून आहे. आमच्या आळीतली बुडली होती.

---

वहीवाला

तीन महिन्यांच्या आसपास मेंदूत निकोटिन जिथे जाऊन चिकटतं ती वाढलेली ठिकाणं पूर्ववत होतात असं वाचलंय. म्हणजे २०६व्या दिवशी शरीर मागत नव्हतं. पहाटेची वेळ, चहाचा ग्लास, झालेलं काम आणि मामांचा हात, यांनी मागितली. शरीराचा हिशोब तुम्ही एकदा फेडलाय, आता तेवीस दिवसांचं नवं कर्ज आहे. पहिले काही दिवस जड जातील, पण दोन-तीन आठवड्यांचा खेळ. राहता राहिली पहाट. तिच्यासाठी काय करणार ते आत्ताच ठरवा, गेटबाहेर उभं राहून नाही.

---

ग्रीसचे हात

सहा दिवसांनी लिहितोय.

रविवारी सांगितलं. सोनचाफाताई, तुमचं खरं निघालं. बायको म्हणाली, "दिवाळीच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे, चहा घेणार का?" बस. यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मुलगी ओरडली नाही की रडली नाही. कालनिर्णय काढून आणलं, कुठल्या टिका खोट्या ते विचारलं आणि एकेक करून खोडल्या. पावणेचारची गोष्ट सांगितल्यावर पाडव्याच्या टिकेवर बराच वेळ अडली. रात्र आदल्या दिवसात धरायची की दुसऱ्या? शेवटी तीही खोडली. मग पेन माझ्या हातात दिलं. "आता तू कर. मी नाही करणार." अजून बोलणं कमी आहे.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. पॅच लावलाय, वर ४ ची च्युइंगम, तुम्ही सांगितली तशी ठेवून ठेवून. चहा दोन कप. सोमवारपासून एकही नाही. काल रात्री स्वप्नात गिअरबॉक्स माझ्याशी बोलत होता. पॅचमुळे असं होतं म्हणतात, झोपताना काढून बघणार आहे, डॉक्टरांना विचारून. आकडा काही लिहीत नाही. २०६ तिथेच आहेत, त्याच्यापुढे खोडलेल्या चौकटी आहेत, त्याच्यापुढे माझ्या चार वाकड्या टिका.

आता खरी अडचण. आज परत रात्रपाळी, मामा ड्यूटीवर आहेत. घरून चहाचा थर्मास घेतलाय म्हणजे गेटबाहेर जायला नको. पण काम झालं की मामा आत येऊन बोलावणार. पंचावन्नचा माणूस, मला हाताला धरून काम शिकवलेलं. त्यांनी पुढे केलेला हात परत कसा पाठवायचा? "सोडली" म्हणालो तर हसतील, गेल्या वेळीही हेच म्हणालो होतो.

---

सोनचाफा

त्यांच्यासाठी पण कप न्या.

---

खडूस आजोबा

आणि चार शेंगदाण्याच्या चिक्क्या. हात रिकामा ठेवू नका, तुमचाही आणि त्यांचाही. ८८ साली माझ्या खिशात दोन महिने चिक्की असायची. हे आधी सांगायचं राहिलं.