हायब्रिड गाडी, ग्वाल्हेर: कर नक्की कुठे वाचतो?

जीवाजीगंज
पगारदार आहे, जुन्या करप्रणालीत. दीड लिटर पेट्रोलची स्ट्राँग हायब्रिड, एक्स-शोरूम 18 लाख, कर्जावर घ्यायची आहे. विक्रेता म्हणतो व्याजावर दीड लाखाची वजावट मिळेल. झाशीला हायब्रिडचा रोड टॅक्स माफ, असंही कानावर आलं. खरं किती? की हिवाळ्यातल्या ग्वाल्हेर व्यापार मेळ्यापर्यंत थांबावं?

हिशेबनीस
दीड लाखाचं विसरा. ते कलम 80ईईबी. त्यात कर्ज 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेलं लागतं, आणि गाडी केवळ बॅटरीवर चालणारी. पेट्रोलची टाकी आली की विषय संपला.

जीएसटीतही हायब्रिड म्हणून कौतुक नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून पेट्रोल हायब्रिड 1200 सीसी आणि 4 मीटर या दोन्ही मर्यादांत असेल तर 18 टक्के, नाहीतर 40. तुमची 40 मध्ये. आधी सेस धरून 43 होते, म्हणजे करपूर्व किंमत 12 लाख धरली तर 36 हजारांचा फरक. बॅटरीच्या गाडीला 5 टक्केच.

खरोखर परत मिळतो तो टीसीएस, म्हणजे विक्रेता बिलासोबतच घेऊन तुमच्या नावानं सरकारकडे भरतो तो आयकर. किंमत 10 लाखांच्या वर गेली की पूर्ण रकमेवर 1 टक्का, वरच्या 8 लाखांवर नव्हे. तुमचे 18,000. बिल ज्याच्या नावावर, जमाही त्याच्याच पॅनवर. बिल बायकोच्या नावानं फाडलंत तर तुमच्या रिटर्नमध्ये दिसणार नाही. जानेवारी ते मार्चमध्ये घेतलीत तर विक्रेत्याला तिमाही विवरण 15 मेपर्यंत भरायचं असतं. तोवर 26एएस (तुमच्या पॅनवर जमा कराचा तक्ता) कोरा दिसेल, रिटर्नची घाई नको.

मेळामैदान
झाशीचा नाद सोडा. यूपीनं जुलै 2024 मध्ये दिलेली माफी तिथं नोंदणी होणाऱ्या गाड्यांना होती. पत्ता ग्वाल्हेरचा असेल तर तात्पुरता नंबर घेऊन टॅक्स इथेच भरायचा. मामाच्या पत्त्यावर घेतलीत तरी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवली की नवी नोंदणी आणि एमपीचा टॅक्स.

थांबायचं तर मेळ्यासाठीच. तिथे रोड टॅक्सवर 50 टक्के सूट मिळत आली आहे, हायब्रिड असो वा साधी पेट्रोल. टॅक्स दीड लाख बसला तर 75 हजार वाचतात. पण सूट दरवर्षी सरकारी मंजुरीनंतरच लागू होते. अधिसूचना निघेपर्यंत कायमची नोंदणी करू नका. नोंदणी ग्वाल्हेर आरटीओचीच हवी, नंबर एमपी 07.

घोटाळा होतो तो वेटिंगमुळे. बुकिंगच्या पावतीवर सूट नसते, ती नोंदणीच्या वेळी लागते. बिल आणि विम्याला चेसिस नंबर लागतो, म्हणून गाडी स्टॉकमध्ये आहे का ते त्या नंबरासकट लिहून घ्या. आणि मेळ्याच्या नावाखाली नेहमीचा कॅश डिस्काउंट गुपचूप कापला जातो. मेळ्याचं आणि नेहमीचं, दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवून बघा.

जीवाजीगंज
बायकोचं बुटीक आहे, जीएसटी नंबरही आहे. त्यात दाखवली तर?

हिशेबनीस
गाडीवर भरलेला जीएसटी बुटीकच्या जीएसटीतून वजा करता येत नाही, जीएसटी कायद्याचं कलम 17(5) आडवं येतं. तो किमतीत धरून घसारा घ्या. दर 15 टक्के, पण वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी असेल तर साडेसात. मेळ्यात घेतली की पहिल्या वर्षी साडेसातच. घरचा वापर वेगळा काढावा लागेल, आणि मग टीसीएसही तिच्याच पॅनवर.